वाचकांचे प्रश्न : ॲप न टाकता संकेतस्थळाची घंटी फोनवर

या अंकातले प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत : फोनमध्ये वेगळे ॲप न घेता संकेतस्थळाकडून थेट नोटिफिकेशन कसे मिळवायचे, मिळत नसेल तर कुठे पाहायचे, आणि नको असलेले कसे बंद करायचे. सेटिंग्जमधली नावे फोनची भाषा इंग्रजी आहे असे धरून दिली आहेत. कंपनीगणिक एखादा शब्द इकडेतिकडे होईल.

प्रश्न : फोनची मेमरी ३२ जीबी, ती जवळपास भरलेली. दोन वर्तमानपत्रे आणि एक नोकरीविषयक साइट यांची ॲप टाकायला जागाच नाही. ॲपशिवाय ताज्या सूचना मिळतील का?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मिळतील. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ही सोय एप्रिल २०१५ पासून आहे. फायरफॉक्स आणि सॅमसंग इंटरनेटमध्येही आहे. साइट संदेश पाठवते तो तुमच्या ब्राउझरला, आणि ब्राउझर तो पडद्यावर दाखवतो. त्या साइटचे पान तेव्हा उघडे असावे लागत नाही.

साइट क्रोममध्ये उघडा. पानावर घंटीचे चित्र किंवा ‘सूचना मिळवा’ असे बटण असेल तर ते दाबा. खाली क्रोमची चौकट येईल, तिच्यात ‘अलाउ’ दाबा. इतकेच. चौकट आलीच नाही तर पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे छोटे चिन्ह असते (पूर्वी कुलूप होते, आता दोन सरकपट्ट्या दिसतात) ते दाबा, ‘परमिशन्स’मध्ये जा आणि ‘नोटिफिकेशन्स’ चालू करा. मग पान एकदा पुन्हा लोड करा.

चौकट न येण्याची कारणे ठरलेली आहेत. साइट इन्कॉग्निटोमध्ये (क्रोमच्या खासगी खिडकीत) उघडली असेल तर परवानगी मिळतच नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधल्या लिंकवरून गेलात तर पान त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे ही सोय नसते. तीन टिंबांतून ‘ओपन इन ब्राउझर’ करून बाहेर या. चौकट पूर्वी तीन वेळा नुसती बाजूला सारली असेल तर क्रोम आठवडाभर त्या साइटला विचारू देत नाही. ‘ब्लॉक’ दाबले असेल तर साइट आपणहून पुन्हा विचारूच शकत नाही, वर सांगितल्याप्रमाणे तुम्हालाच उघडावे लागते.

अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा फोन असेल तर आणखी एक दार आहे. तिथे क्रोमला स्वतःलाच नोटिफिकेशन दाखवायची वेगळी परवानगी लागते. फोनच्या सेटिंग्ज, ॲप्स, क्रोम, नोटिफिकेशन्स असे जाऊन ती चालू आहे का पाहा. हे दार बंद असेल तर आत दहा साइट्सना ‘अलाउ’ दिलेले असले तरी फोन गप्प राहतो.

जागेचे म्हणाल तर साइटची एक छोटी फाइल ब्राउझरमध्ये राहते. ॲपच्या तुलनेत ती नगण्य.

प्रश्न : मुलाच्या अँड्रॉइडवर एका बातम्यांच्या साइटची घंटी दिसते, माझ्या आयफोनवर त्याच साइटवर दिसत नाही. फोन बिघडला आहे का?
— वाचक, ठाणे

उत्तर : फोन ठीक आहे. आयफोनवर ही सोय मार्च २०२३ मध्ये, आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) १६.४ पासून आली, आणि तीही एका अटीवर : साइट आधी होम स्क्रीनवर ठेवायची. आयफोन ७ आणि त्याआधीच्या फोनांना आयओएस १६ मिळालेच नाही, त्यामुळे तिथे हा रस्ता बंद आहे.

सफारीत साइट उघडा, शेअरचे बटण (चौकोनातून वर जाणारा बाण, नव्या आवृत्तीत ते तीन टिंबांमागे असते) दाबा, यादीत खाली ‘ॲड टू होम स्क्रीन’ आहे ते निवडा. आता सफारी बंद करा आणि होम स्क्रीनवर आलेल्या चिन्हावरूनच साइट उघडा. घंटी आता दिसली पाहिजे. ती दाबल्यावरच आयफोन परवानगी विचारतो. पान उघडताक्षणी आपोआप विचारायला ॲपलने मुभा दिलेली नाही.

चिन्हावरून उघडल्यावर वर पत्त्याची पट्टी दिसली तर ते नुसते बुकमार्क आहे, त्यावर नोटिफिकेशन येणार नाही. साइटवाल्यांनी आयफोनसाठी लागणारी तयारी केलेली नसते तेव्हा असे होते. आयओएस २६ मध्ये कुठलीही साइट जोडताना ‘ओपन ॲज वेब ॲप’ हा पर्याय आधीच चालू असतो, त्यामुळे पट्टी जाते. पण घंटीची सोय साइटने केलेली असावीच लागते.

होम स्क्रीनवरच्या साइटचे लॉगिन सफारीपासून वेगळे असते, त्यामुळे पुन्हा एकदा पासवर्ड मागितला तर गोंधळू नका. परवानगी दिल्यावर सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्सच्या यादीत ही साइट एखाद्या ॲपसारखी स्वतंत्र दिसते. आवाज, बॅनर सगळे तिथे. ‘शेड्यूल्ड समरी’त (नोटिफिकेशन्स साठवून ठरल्या वेळी एकत्र दाखवणाऱ्या सोयीत) तिचे नाव गेले असेल तर सकाळची बातमी संध्याकाळच्या गठ्ठ्यात येते. आणि होम स्क्रीन आवरताना ते चिन्ह काढून टाकले की नोटिफिकेशन्सही गेली.

प्रश्न : रेडमीचा फोन आहे. सुरुवातीला नोटिफिकेशन्स येत होती. आता दिवसभर काही येत नाही, आणि रात्री क्रोम उघडले की एकदम पाच-सहा येऊन पडतात. कधी तर तीही नाहीत. साइटला कळवले, ते म्हणतात आमच्याकडून सगळे जाते आहे.
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : साइटवाले बहुधा खरे बोलत आहेत. संदेश साइटकडून थेट तुमच्या फोनवर येत नाही. तो आधी ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो (क्रोमसाठी गूगल, फायरफॉक्ससाठी मोझिला, आयफोनसाठी ॲपल), तिथून फोनवर, आणि फोन क्रोमला जागे करतो. तुमची कडी शेवटच्या टप्प्यावर निसटते आहे.

दुखणे कोणते हे ओळखायला तुम्ही दिलेली माहितीच पुरेशी आहे. क्रोम उघडल्यावर गठ्ठा पडतो याचा अर्थ संदेश येऊन थांबले होते, पण फोनच्या बॅटरी-बचतीने क्रोमला झोपवले होते. शाओमीच्या फोनवर सेटिंग्ज, ॲप्स, मॅनेज ॲप्स, क्रोम असे जा. ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा आणि ‘बॅटरी सेव्हर’मध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. ओप्पो आणि रिअलमीवर त्याच ठिकाणी बॅटरीच्या पानावर पार्श्वभूमीत चालण्याची आणि आपोआप सुरू होण्याची परवानगी असते. सॅमसंगवर बॅटरीतल्या ‘बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स’मध्ये जाऊन क्रोम ‘स्लीपिंग’ किंवा ‘डीप स्लीपिंग’ यादीत पडले असेल तर काढा. डेटा सेव्हर चालू असेल तर क्रोमला त्यातून सूट द्या.

सगळी ॲप एका झटक्यात झाडून टाकायची सवय असेल तर तीही तपासा. काही कंपन्यांच्या फोनवर ‘क्लिअर ऑल’ म्हणजे ॲपला सक्तीने थांबवणेच असते. असे थांबवलेले क्रोम तुम्ही स्वतः उघडेपर्यंत कुठलाही संदेश घेत नाही.

आता ‘कधी तर तीही नाहीत’ याबद्दल. त्याची कारणे दोन असू शकतात. प्रत्येक संदेशाला साइटने मुदत घालून दिलेली असते. दुपारच्या भावाचा संदेश तीन तासांच्या मुदतीचा असेल आणि फोन पाच तास झोपला असेल, तर तो संदेश वाटेतच रद्द होतो. मागाहून येत नाही. बॅटरीचे सेटिंग बदलल्यावर हा प्रश्न आपोआप सुटेल.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. फोन हलका करण्यासाठी क्रोमचा ‘कुकीज अँड साइट डेटा’ पुसला, किंवा एखाद्या ‘क्लीनर’ने पुसला, की साइटने ठेवलेली छोटी फाइल जाते आणि तिच्याबरोबर नोंदणीही जाते. परवानगी मात्र जिथल्या तिथे राहते. तुम्ही सेटिंग्जमध्ये पाहता, तिथे ‘अलाउड’ लिहिलेले असते, आणि येत काहीच नाही. इलाज सोपा : साइट एकदा क्रोममध्ये उघडा, घंटी बंद करून पुन्हा चालू करा. हेच ‘ब्लॉक’ करून परत ‘अलाउ’ केल्यावरही लागू आहे. सेटिंग्जमध्ये बटण फिरवून नोंदणी परत येत नाही. साइट उघडल्याशिवाय ती होत नाही.

थोडक्यात ताडायचे तर : सर्वच साइट्स गप्प असतील तर फोनची किंवा क्रोमची सेटिंग्ज पाहा, एकच गप्प असेल तर त्या साइटची नोंदणी पाहा. फार दिवस न उघडलेल्या साइट्सची परवानगी क्रोम आपणहून काढून घेते, हेही ध्यानात ठेवा. आणि नोटिफिकेशन येते पण आवाज होत नाही अशी तक्रार असेल तर ते दाबून धरा. ते ‘सायलेंट’वर गेलेले असते. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक साइटचा आवाज वेगळा ठरवता येतो.

प्रश्न : आईच्या फोनवर दर तासाला ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत, लगेच साफ करा’ असे येते. पुसले तरी परत येते. फोन फॉरमॅट करावा का?
— वाचक, कराड

उत्तर : फॉरमॅट नको. नोटिफिकेशनवर बारीक अक्षरांत ‘क्रोम’ आणि पुढे एखादा अनोळखी पत्ता दिसतो का पाहा. दिसत असेल तर तो फोनमधला व्हायरस नाही, एका साइटला दिलेली परवानगी आहे. सिनेमा, गाणी फुकट देणाऱ्या किंवा निकाल दाखवण्याचे आमिष दाखवणाऱ्या पानांवर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असे लिहिलेले असते; तिथे हे गळ्यात पडते. खऱ्या कॅप्चासाठी (तुम्ही माणूसच आहात हे तपासणाऱ्या कोड्यासाठी) कधीही नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही.

त्या नोटिफिकेशनवर टिचकी मारू नका, दाबून धरा. सेटिंग्जचे चक्र येईल, तिथून त्या पत्त्याचे बटण बंद करा. नव्या क्रोममध्ये नोटिफिकेशनखालीच ‘अनसबस्क्राइब’ असते. पण अशी साइट सहसा एकटी नसते, म्हणून क्रोमचे तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ‘अलाउड’ची सगळी यादी वाचा. ओळखीचे नाव नसेल ते ब्लॉक करा. त्याच पानावर वरचे मुख्य बटण बंद केले की यापुढे कुठलीही साइट विचारणारच नाही. आईंना घंट्यांची गरज नसेल तर तेच करा.

नोटिफिकेशनवर क्रोमऐवजी दुसऱ्या ॲपचे नाव असेल, किंवा जाहिरात वरच्या पट्टीत न येता अख्खा पडदा व्यापत असेल, तर ते काम फोनमध्ये शिरलेल्या ॲपचे आहे. अलीकडे टाकलेली ॲप काढा आणि प्ले स्टोअरमधले ‘प्ले प्रोटेक्ट’ (घातक ॲप शोधणारी तपासणी) चालवा. आईंनी त्या पानावर कार्डाचा नंबर किंवा ओटीपी दिला असेल तर आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बाकीची आवराआवर मग.

प्रश्न : ‘ही साइट पार्श्वभूमीत अपडेट झाली आहे’ अशा अर्थाचे नोटिफिकेशन मधूनच येते. त्यावर टिचकी मारली तर काहीच नसते. हा काय प्रकार?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : साइटकडून संदेश आला, पण दाखवायला तिने काही दिलेच नाही. साइटने गुपचूप काम करून जाऊ नये म्हणून क्रोम अशा वेळी स्वतःचे एक वाक्य दाखवते. बहुतेकदा साइटवाल्यांच्या कोडमधली चूक असते, तुमच्या फोनला धोका नसतो. वारंवार आले तर ती साइट बंद करा.

प्रश्न : या सगळ्यात साइटला माझा मोबाइल नंबर जातो का? डेटा किती खर्च होतो?
— वाचक, मडगाव

उत्तर : नंबर जात नाही, ईमेलही नाही. साइटला मिळतो तो एक लांबलचक पत्ता, फक्त त्या ब्राउझरपुरता. म्हणूनच नवा फोन घेतला की घंटी पुन्हा चालू करावी लागते. बॅकअपमधून ती येत नाही. मजकूर कुलूपबंद जातो, मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. कोणत्या फोनला कधी संदेश गेला एवढी नोंद मात्र तिथे राहते, आणि काही देशांची सरकारे अशा नोंदी ॲपल-गूगलकडे मागतात हे अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये उघड केले होते.

डेटाची चिंता सोडा. एका संदेशात साधारण ४ केबीच मजकूर मावतो. छायाचित्र असेल तर ते वेगळे उतरते, पण तेही एखाद्या व्हिडिओपुढे किरकोळ.

प्रश्न : भरतीच्या जाहिराती ज्या सरकारी साइटवर येतात तिथे घंटीच नाही. रोज उघडून पाहणे जमत नाही. काही उपाय?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : घंटी नसेल तर ती बाहेरून बसवता येत नाही, पण फोनमध्ये जीमेल असतेच, त्याचा उपयोग करून घेता येतो.

पहिला मार्ग गूगल अलर्ट्सचा. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन, जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता, मग एक जागा सोडून शोधशब्द असे लिहा. ‘शो ऑप्शन्स’मध्ये ‘ॲज-इट-हॅपन्स’ आणि ‘ऑल रिझल्ट्स’ निवडा. तसेच सोडले तर गूगल स्वतःला योग्य वाटेल तेवढेच पाठवते. शोधशब्द मराठीत एक आणि इंग्रजीत एक असे दोन अलर्ट करा. कारण जुन्या कार्यालयांतल्या कित्येक पीडीएफ अजूनही युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या किंवा स्कॅन केलेल्या असतात. तुम्हाला ‘जाहिरात’ दिसते, शोधयंत्राला त्या जागी भलतीच अक्षरे किंवा नुसते चित्र दिसते. इंग्रजी मथळा असला तर निदान तो सापडतो. गूगलने ते पान वाचल्यानंतरच अलर्ट येतो, तेव्हा एखादा दिवस उशीर गृहीत धरा.

दुसरा मार्ग पानावर पाळत ठेवणाऱ्या सेवांचा. व्हिज्युअलपिंग आणि डिस्टिल या दोन्ही वेबवर चालतात आणि पान बदलले की ईमेल पाठवतात. थोड्या तपासण्या फुकट मिळतात. इथली मेख पानाचा भाग निवडण्यात आहे. अख्खे पान निवडले तर ‘भेट देणाऱ्यांची संख्या’, ‘शेवटचे अद्यतन’ आणि सरकणारी पट्टी यांच्यापायी रोज खोटे इशारे येतात, आणि चार दिवसांत तुम्ही ते वाचणे सोडता. ‘जाहिराती’ किंवा ‘नवीन सूचना’ यांची यादी असलेली चौकट तेवढी निवडा. काही सरकारी साइट्स परदेशी सर्व्हरच्या भेटी अडवतात. पहिल्याच तपासणीच्या चित्रात यादीऐवजी ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसले तर त्या साइटसाठी हा मार्ग सोडून द्या.

साइटला आरएसएस फीड (नव्या नोंदींची आपोआप अद्ययावत होणारी यादी) असेल तर ते सर्वांत भरवशाचे. वर्डप्रेसवर (साइट बनवण्याच्या लोकप्रिय प्रणालीवर) बांधलेल्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. यादी उघडली तर तो पत्ता ब्लॉगट्रॉटरसारख्या सेवेत टाका. ती नवी नोंद ईमेलने पाठवते.

आता हे ईमेल गर्दीत हरवू नये म्हणून संगणकावर, नाहीतर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ लावून, जीमेलमध्ये फिल्टर करा आणि त्यांना ‘भरती’ असे लेबल लावा. मग फोनच्या जीमेलमध्ये सेटिंग्ज, तुमचे खाते, ‘मॅनेज लेबल्स’, ‘भरती’. तिथे ‘सिंक मेसेजेस’ ३० दिवसांवर ठेवा, लेबलचे नोटिफिकेशन चालू करा आणि ‘नोटिफाय फॉर एव्हरी मेसेज’वर खूण करा. बाकी सगळी ईमेल गप्प ठेवून एवढेच वाजवता येते. अर्जाची शेवटची तारीख मात्र यातल्या कशावरही सोडू नका, ती मूळ साइटवरच पाहा.

प्रश्न : आमची टोमॅटोच्या रोजच्या भावाची छोटी साइट आहे. तिच्यावर घंटी बसवायची तर काय लागेल? ॲप बनवायचा खर्च झेपणारा नाही.
— वाचक, नारायणगाव

उत्तर : ॲपची गरज नाही. साइट ‘एचटीटीपीएस’वर (सुरक्षित, कुलूपबंद जोडणीवर) असली पाहिजे, ही पहिली अट. वर्डप्रेस असेल तर वनसिग्नलसारख्या सेवेचे प्लगइन टाकून काम भागते. फुकट योजनेत सुरुवात होते. स्वतः कोड लिहिणार असाल तर सर्व्हिस वर्करची (ब्राउझरमध्ये राहून संदेश घेणारी छोटी) फाइल साइटच्या मुळाशी ठेवा. आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर ती तेवढ्याच फोल्डरपुरती चालते. आयफोनवाल्यांसाठी मॅनिफेस्ट फाइल (साइट ॲपसारखी कशी उघडावी हे सांगणारी) जोडा आणि तिच्यात ‘डिस्प्ले’ची किंमत ‘स्टँडअलोन’ द्या.

‘व्हॅपिड’ किल्ल्यांची (संदेश तुमच्याच साइटचा आहे हे पटवणाऱ्या सांकेतिक किल्ल्यांची) जोडी एकदाच बनवायची आणि खासगी किल्ली दोन ठिकाणी जपून ठेवायची. ती हरवली तर सगळे वर्गणीदार गेले. डोमेन बदलले तरी तेच. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना हे दोन वेगळे पत्ते मानले जातात, तेव्हा एक ठरवा आणि दुसरा त्याकडे वळवा, नाहीतर निम्मे शेतकरी एका दारात आणि निम्मे दुसऱ्या दारात नोंदले जातील.

पान उघडल्या उघडल्या परवानगी मागू नका. लोक वाचण्याआधीच ‘ब्लॉक’ दाबतात आणि मग तुम्हाला परत विचारता येत नाही. भावाच्या तक्त्याखाली ‘रोजचा भाव फोनवर हवा?’ असे बटण ठेवा, ते दाबल्यावरच ब्राउझरची चौकट येऊ द्या.

संदेशाची मुदत सेकंदांत द्यायची असते. आजच्या भावाला २१,६०० म्हणजे सहा तास पुरेत. कालचा भाव आज सकाळी कोणाच्या फोनवर वाजला तर साइटची पत जाते. तातडी ‘हाय’ ठेवा, नाहीतर झोपलेल्या फोनवर संदेश रेंगाळतो. प्रत्येक भावाला एकच ‘टॅग’ द्या म्हणजे दुपारचा भाव सकाळच्या जागी येईल, खाली रांग लागणार नाही. पाठवताना ‘४१०’ किंवा ‘४०४’ असे उत्तर आले तर तो पत्ता मेलेला आहे, यादीतून काढा. मथळ्यात साइटचे नाव पुन्हा लिहू नका, ब्राउझर पत्ता दाखवतोच. त्या जागेत भावच लिहा : क्रेटचा वजनासह कमाल-किमान दर, आणि आवक.